विश्लेषण : टिळकांचा जामीन किती रुपयांचा होता आणि तो कसा ठरला?

कोणाला अटक झाली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, जामीन मिळेल का? तो मिळाला की लगेच दुसरा, किती रुपयांचा? हा आकडा न्यायालय कशाच्या आधारे ठरवते, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांच्या आयुष्यात १८८२, १८९७, १९०८ आणि १९१६ अशा चार वेळा न्यायालयात जामिनाचा किंवा हमीचा प्रश्न आला. चारही वेळा उत्तर वेगळे मिळाले. जामिनाची रक्कम नेमकी कशासाठी असते आणि ती चुकीची ठरली तर माणसाचे काय होते, हे त्यांच्या चरित्रातून नीट कळते.

जामिनाची रक्कम म्हणजे नेमके काय?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जामिनाची रक्कम म्हणजे दंड नव्हे. दंड गुन्हा सिद्ध झाल्यावर होतो आणि तो भरावा लागतो. जामीन खटला सुरू होण्याआधी किंवा तो चालू असताना दिला जातो. आरोपी बोलावलेल्या तारखेला हजर राहील याची ती हमी असते. आरोपी स्वतः जी लेखी हमी देतो त्याला जातमुचलका म्हणतात. दुसरी व्यक्ती आरोपीसाठी हमी देते तिला जामीनदार म्हणतात. अनेकदा या वेळी रोख काहीच भरावे लागत नाही. आरोपी पळून गेला तर मात्र ती रक्कम जप्त होऊ शकते, आणि जामीनदारालाही ती भरावी लागू शकते.

म्हणून रक्कम ठरवताना न्यायालयापुढचा मूळ प्रश्न एकच असतो. हा माणूस तारखेला परत यावा यासाठी किती रकमेचे बंधन पुरेसे आहे? रक्कम कमी ठेवली तर बंधनाला अर्थ उरत नाही. ऐपतीबाहेर ठेवली तर जामीन कागदावर राहतो आणि माणूस तुरुंगात.

पहिला खटला कोणता आणि जामीनदार कोण?

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८७६ मध्ये त्यांनी बी.ए. आणि १८७९ मध्ये एलएल.बी. केले. कायद्याची पदवी हाती असूनही त्यांनी वकिली थाटली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासह ते १८८० मध्ये सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या कामात पडले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, मराठीतून ‘केसरी’ आणि इंग्रजीतून ‘मराठा’ निघू लागले.

वृत्तपत्रे सुरू झाल्यानंतर लवकरच पहिला खटला उभा राहिला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वाईट वागणूक दिली जाते, असा आरोप दोन्ही पत्रांनी केला होता. त्याचा रोख संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर होता. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर विसंबून हे लिहिले गेले ती खरी असल्याचे सिद्ध होऊ शकले नाही. टिळक आणि आगरकर यांनी माफीही मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग शिक्षेच्या आधीचा आहे. खटला चालू असताना दोघांना बाहेर राहायचे तर जामीनदार हवा होता. दोघेही जेमतेम पंचविशीतले, शाळेत शिकवणारे, गाठीला पैसा नसलेले. अशा वेळी पुण्यातील रामशेठ उरवणे पुढे आले आणि त्यांनी दहा हजार रुपयांची हमी घेतली. उरवणे हे महात्मा जोतीराव फुले यांचे स्नेही होते आणि त्यांनी ही हमी फुले यांच्या सांगण्यावरून घेतली, असे फुले यांच्या चरित्रात नोंदले गेले आहे. फुले आणि टिळक यांचे सामाजिक विचार एकमेकांपासून फार दूरचे होते. पुढे ही दरी वाढतच गेली. पण तरुण संपादक केवळ जामीनदार नाही म्हणून कोठडीत राहू नयेत, यासाठी मतभेद आड आले नाहीत.

यातली व्यवहाराची बाजू आजही तशीच आहे. न्यायालय रक्कम ठरवते, पण ती पेलणारा माणूस आरोपीलाच शोधावा लागतो. ओळखीपाळखी असलेल्याला तो मिळतो.

१८९७ मध्ये तीनदा अर्ज का करावा लागला?

पुढच्या पंधरा वर्षांत टिळकांचे सार्वजनिक आयुष्य पार बदलले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज यांच्या उभारणीत भाग घेऊन ते १८९० मध्ये तेथून बाहेर पडले. ‘केसरी’ त्यांच्या हाती आला. सार्वजनिक गणेशोत्सव आणि शिवजयंती यांना त्यांनी राजकीय वळण दिले. १८९५ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले आणि शहरात संताप दाटला. २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला मरण पावले. त्याआधी आठवडाभर, १५ जूनच्या ‘केसरी’त, शिवराज्याभिषेक उत्सवाचे वृत्त आणि त्या निमित्ताने लिहिलेला मजकूर प्रसिद्ध झाला होता. सरकारने तोच राजद्रोह ठरवला. भारतीय दंड संहितेचे कलम १२४ अ लावण्यात आले.

२७ जुलैच्या रात्री मुंबईत गिरगावात दाजी आबाजी खरे यांच्या घरी टिळकांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले गेले. जामीन नाकारला गेला. त्यानंतर उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स आणि न्या. महादेव गोविंद रानडे यांच्यापुढे अर्ज झाला. तोही फेटाळला गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला खटला उच्च न्यायालयाच्या सत्राकडे सोपवला गेला आणि तिसरा अर्ज ४ ऑगस्टला न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे आला. टिळकांतर्फे बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तय्यबजी यांनी रक्कम कशी ठरवली?

सरकारचा विरोध असताना न्या. तय्यबजी यांनी जामीन दिला. त्यांच्या विचाराचा गाभा साधा होता. आरोप गंभीर आहे एवढ्यावरून जामीन नाकारता येणार नाही. पाहायचे ते हे, की आरोपी खटल्याला हजर राहील का. खटला सुरू व्हायला सुमारे महिना जाणार होता. तेवढा काळ माणसाला डांबून ठेवले आणि शेवटी तो निर्दोष ठरला, तर न्यायाचा हेतूच विफल होईल, हा मुद्दाही त्यांनी लक्षात घेतला.

मग आकडा ठरला. टिळकांचा स्वतःचा ५० हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी २५ हजार रुपयांचे दोन जामीनदार. एकूण बंधन एक लाख रुपयांचे. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. एक तुलना पुरेशी आहे. पुढे १९०८ च्या खटल्यात टिळकांना जो दंड झाला तो होता एक हजार रुपये. म्हणजे जामिनाची हमी दंडाच्या शंभरपट. हमी भरून टाकायची नसते, ती फक्त डोक्यावर टांगलेली असते, म्हणूनच एवढा फरक शक्य होतो.

रक्कम एवढी मोठी असली तरी ती टिळकांच्या आवाक्याबाहेरची ठरली नाही. मुंबईतील धनिक शेठ द्वारकादास धरमसी त्यांच्यासाठी जामीन राहिले आणि टिळक बाहेर आले. अटकेपासून आठ दिवस झाले होते. पंधरा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका सधन गृहस्थाने दहा हजारांची हमी घेतली होती. आता नाव मोठे झाले होते, आरोप मोठा होता आणि रक्कमही मोठी होती. जामीनदाराची गरज तेवढी तशीच होती.

बाहेरच्या ३५ दिवसांत काय घडले?

४ ऑगस्टला सुटका आणि ८ सप्टेंबरला खटल्याची सुरुवात. मधले ३५ दिवस टिळक मोकळे होते. जामीन कशासाठी असतो, याचे उत्तर या दिवसांत मिळते.

बचावाची तयारी झाली. बंगालमधून पैशांची मदत आली आणि कोलकात्याहून बॅरिस्टर पग बचावासाठी मुंबईत आले. माफी मागून मोकळे व्हावे, असा सल्लाही हितचिंतकांकडून आला. टिळकांनी तो नाकारला. असा निर्णय कोठडीत एकट्याने घेणे आणि बाहेर वकील, मित्र, घरचे यांच्याशी बोलून घेणे यात फरक आहे.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. पुण्यातील सरदार बाबामहाराज मृत्युशय्येवर होते. त्यांनी टिळकांना बोलावून घेतले आणि मृत्युपत्रात विश्वस्त म्हणून त्यांचे नाव घातले. ७ ऑगस्टला, म्हणजे टिळक जामिनावर सुटल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, बाबामहाराज वारले. त्या विश्वस्तपणातून ताईमहाराज प्रकरण उभे राहिले. दत्तकाच्या वादातून टिळकांवर खोट्या साक्षीसारखे फौजदारी आरोप ठेवले गेले. खालच्या न्यायालयात त्यांना शिक्षाही झाली. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी वाद तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये १९१५ साली संपला. मित्राला मरताना दिलेला शब्द त्यांनी जवळपास अठरा वर्षे निभावला.

ज्यांना न्यायालयच मिळाले नाही त्यांचे काय?

टिळकांच्या अटकेच्या सुमारासच पुण्यातील सरदार नातू बंधूंना, म्हणजे बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू यांना, सरकारने पकडले. त्यांच्यावर मात्र खटला भरला नाही. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ चा आधार घेऊन त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. आरोपच नाही, त्यामुळे खटल्याची तारीख नाही. तारीख नाही, त्यामुळे हजर राहण्याच्या हमीचा प्रश्न नाही. जामिनाची रक्कम ठरवायला न्यायाधीशापुढे काही आलेच नाही. १८९९ पर्यंत ते सरकारच्या ताब्यात राहिले.

टिळकांचे एक लाख आणि नातूंचे शून्य हे आकडे शेजारी ठेवले की लक्षात येते, की जामिनाची मोठी रक्कमही किमान एका न्यायाधीशाने विचार करून ठरवलेली असते. तिच्याविरुद्ध वर दाद मागता येते. स्थानबद्धाला तेवढीही वाट नसते.

टिळकांचा खटला न्या. आर्थर स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपीय होते आणि तीन भारतीय. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. छापखान्याचे मुद्रक केशव महादेव बाळ निर्दोष सुटले. पुढे मॅक्स म्युल्लर यांच्यासारख्या विद्वानांनी राणीकडे अर्ज केला. टिळक मुदतीआधी, सप्टेंबर १८९८ मध्ये, बाहेर आले.

१९०८ मध्ये जामीन का नाकारला गेला?

अकरा वर्षांनी तोच माणूस, तेच कलम आणि तेच उच्च न्यायालय. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बॉम्बस्फोट झाला. त्यात दोन इंग्रज स्त्रियांचा बळी गेला. त्या घटनेवर आणि सरकारच्या दडपशाहीवर ‘केसरी’त लेख आले. त्यांपैकी १२ मे आणि ९ जूनच्या लेखांवरून राजद्रोहाचे आरोप ठेवण्यात आले. ‘काळ’चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांना जूनमध्येच अटक झाली होती. त्यांच्या खटल्यात मदत करण्यासाठी टिळक मुंबईत आले असताना २४ जून रोजी सरदारगृहात त्यांनाही पकडण्यात आले.

दंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला. २ जुलैला उच्च न्यायालयात अर्ज झाला. टिळकांची बाजू ३१ वर्षांचे बॅरिस्टर महंमद अली जिना मांडत होते. न्यायासनावर होते न्या. दिनशा दावर. १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागून मिळवणारे तेच दावर आता न्यायाधीश झाले होते. साहजिकच तय्यबजी यांचा १८९७ चा निर्णय त्यांच्यापुढे आलाच.

न्या. दावर यांनी जामीन नाकारला. आरोपी हजर राहील का, एवढीच एक कसोटी पुरेशी नाही, सगळी परिस्थिती पाहून न्यायालयाने आपला विवेकाधिकार वापरायचा असतो, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. नाकारण्याची कारणे मात्र त्यांनी उलगडून सांगितली नाहीत. त्या वेळी त्यांची चर्चा करणे योग्य होणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली.

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. आरोपी कोठे पळून जाण्याची शक्यता १८९७ मध्ये नव्हती आणि १९०८ मध्येही नव्हती. उलट पहिल्या वेळी जामिनावर सुटून ते खटल्याला हजर राहिले होते, ही नोंद त्यांच्या बाजूने होती. तरीही एकदा एक लाखाच्या बंधनावर दार उघडले आणि दुसऱ्यांदा ते कोणत्याही रकमेला उघडले नाही. विवेकाधिकार म्हणजे काय आणि कारणे लिहिणे का महत्त्वाचे, हे यावरून कळते.

या वेळी टिळकांनी खटला स्वतः लढवला. अटकेपासून सुनावणी सुरू होईपर्यंतचे १९ दिवस त्यांनी कोठडीत काढले आणि तेथेच बचावाची जुळवाजुळव केली. १३ जुलैला खटला सुरू झाला. ज्युरींपुढचे त्यांचे भाषण अनेक दिवसांत मिळून २१ तासांहून अधिक चालले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे हद्दपारी आणि एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी या शिक्षेच्या निषेधात सहा दिवस काम बंद ठेवले.

टिळकांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले. तेथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्या तेव्हा ते मंडालेतच होते. जून १९१४ मध्ये ते पुण्यात परतले.

१९१६ चा जामीन वेगळा कसा होता?

टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली. त्या प्रचारासाठी त्यांनी बेळगाव आणि अहमदनगर येथे भाषणे केली. २३ जुलै १९१६ रोजी त्यांची साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात सत्कार झाला आणि लोकांनी जमवलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली. ती त्यांनी सार्वजनिक कामासाठी दिली. त्याच सुमारास जिल्हा दंडाधिकाऱ्याची नोटीसही हाती पडली. या भाषणांवरून चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये, अशी ती विचारणा होती.

येथे नीट फरक करायला हवा. नेहमीचा जामीन खटल्याला हजर राहण्यासाठी असतो. चांगल्या वर्तणुकीचा जामीन पुढच्या वागण्याबद्दल असतो. त्यात गुन्ह्याचा खटला चालवायची गरज नसते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०८ व्या कलमाखाली राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्याकडून अशी हमी घेण्याची तरतूद होती. हे कलम १८९८ च्या संहितेतले, म्हणजे टिळकांच्या पहिल्या राजद्रोह खटल्यानंतर लगेच आलेले.

ऑगस्ट १९१६ मध्ये दंडाधिकाऱ्याने आदेश दिला. टिळकांचा २० हजार रुपयांचा जातमुचलका, प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीनदार आणि मुदत एक वर्ष. म्हणजे वर्षभरात एखादे भाषण सरकारला आक्षेपार्ह ठरले तर ४० हजार रुपये धोक्यात. तुरुंग नाही, पण तोंडाला कुलूप. शिवाय टिळकांच्या प्रत्येक वाक्याची जोखीम दोन जामीनदारांच्या डोक्यावर.

टिळक उच्च न्यायालयात गेले. बाजू पुन्हा जिनांनी मांडली. न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी भाषणांतील सुटी वाक्ये न पाहता त्यांचा एकूण परिणाम पाहिला. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी त्यांनी दंडाधिकाऱ्याचा आदेश रद्द केला आणि ४० हजारांचे बंधन संपले. स्वराज्य मागणे म्हणजे राजद्रोह नव्हे, असा अर्थ लोकांनी या निकालातून घेतला आणि होमरूलच्या प्रचाराला बळ आले.

टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात निधन झाले. बारा वर्षांपूर्वी त्यांना अटक झाली होती ती याच वास्तूत.

आज रक्कम कशी ठरते?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८४ सांगते, की बंधपत्राची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी आणि ती अवाजवी असू नये. उच्च न्यायालय किंवा सत्र न्यायालय ती कमी करू शकते. आधीच्या १९७३ च्या संहितेत हेच कलम ४४० होते. हे तत्त्व इंग्रज काळातील संहितांमधूनच चालत आले आहे.

रकमेचे ठरावीक दरपत्रक नाही. न्यायाधीश साधारण पुढील गोष्टी पाहतात :

- आरोपाचे स्वरूप आणि संभाव्य शिक्षा
- आरोपीचे घर, कुटुंब, नोकरी किंवा धंदा त्या भागात आहे का
- पूर्वी जामिनावर असताना तो तारखांना हजर राहिला का
- साक्षीदारांवर दबाव किंवा पुराव्यात फेरफार होण्याची शक्यता
- आरोपीची आर्थिक ऐपत

यातला शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता. पण मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले गेले. न्या. कृष्ण अय्यर यांनी गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला आणि गरिबाकडे ऐपतीबाहेरची रक्कम मागण्यावर टीका केली. पुढच्या वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न पुढे आला. तेथेही जातमुचलक्यावर सुटकेचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने दाखवला.

ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असा आरोपी आला, ज्याला १३ गुन्ह्यांत जामीन मिळाला होता. प्रत्येक प्रकरणात वेगळा जामीनदार आणणे त्याला शक्य नव्हते. त्याच जामीनदारांना एकाहून अधिक प्रकरणांत ग्राह्य धरण्याची मुभा न्यायालयाने दिली. मित्र किंवा नातेवाईक यांच्यापलीकडे सामान्य माणूस जामीनदार आणणार कुठून, हा त्यामागचा विचार होता.

जामीन मिळूनही सुटका होत नसेल तर काय करावे?

रक्कम झेपत नसेल तर ज्या न्यायालयाने ती ठरवली तेथेच ती कमी करण्याचा अर्ज करता येतो. तेथे दाद मिळाली नाही तर सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय आहे. अर्जासोबत उत्पन्नाचा पुरावा आणि कुटुंबाची स्थिती मांडणे उपयोगी पडते. स्थानिक जामीनदार मिळत नसेल, तर तेही स्पष्ट लिहावे.

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत निर्देश दिले. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत जामीनदार न देऊ शकणारी व्यक्ती निर्धन आहे असे मानून तिला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद कलम ४७८ मध्ये आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर संपर्क साधता येतो.

टिळकांना १८८२ मध्ये रामशेठ उरवणे भेटले आणि १८९७ मध्ये द्वारकादास धरमसी. ज्याच्यामागे असे कोणी उभे राहत नाही, त्याच्यासाठी रकमेचा आकडा ठरवणारे न्यायालय हाच पहिला आणि अनेकदा शेवटचा आधार असतो. म्हणून तो आकडा कशाच्या आधारे ठरला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक आरोपीला आहे.